भातखाचरातला आशिया

मिरग लागतो, पहिला जोराचा पाऊस होतो आणि कर्जत-खालापूरच्या ओहळांत वलगण सुरू होते. नदीतले मासे अंडी घालायला प्रवाहाच्या उलट चढतात आणि ओहळातून थेट भाताच्या खाचरात शिरतात. बॅटरी घेऊन बांधावर जाणाऱ्यांची नजर मोठ्या माशांवर असते. मरळ मिळाला तर सोनंच. बोटाएवढे मळे, शेपटीजवळ काळा ठिपका असलेले चपटे चंदेरी मासे, वाळूत तोंड खुपसणाऱ्या मुऱ्या यांची कोणी वेगळी दखल घेत नाही, सगळे एकाच कालवणात जातात. जगभरचे छांदिष्ट ‘आशियाई टाकी’ म्हणून जे मासे कौतुकाने पाळतात, ते रासबोरा, डॅनिओ, बार्ब आणि लोच नेमके याच घराण्यांतले. थायलंड असो, बंगाल असो की श्रीलंका, यांच्यातल्या पुष्कळांचं बिऱ्हाड ओहळात, कालव्यात नाहीतर भातशेतीच्या उथळ पाण्यात. म्हणून कर्जतच्या माणसाने अशी टाकी लावायची तर आधी खाचर नीट पाहावं, दुकानात नंतर जावं.

दुकानातला आशिया निराळाच. ‘एशियन थीम’ मागितली की फायबरचा लाफिंग बुद्ध, पॅगोडा आणि लाल पूल पुढे येतो. शेजारच्या टाक्यांत निऑन टेट्रा, एंजल, ऑस्कर, डिस्कस, म्हणजे जवळजवळ सगळी दक्षिण अमेरिका. मुंबईकरांना काचेमागचा मासा पाहायची गोडी लावली ती १९५१ साली मरीन ड्राइव्हवर सुरू झालेल्या तारापोरवाला मत्स्यालयाने. पुढे क्रॉफर्ड मार्केट आणि कुर्ल्याच्या दुकानांनी तो छंद घरोघरी पोचवला. शोभेच्या माशांची पैदास मात्र चेन्नईच्या कोळत्तूरला आणि कोलकात्याच्या परिसरात, त्यामुळे आपल्या हाती तिथे जे पिकतं तेच लागतं. पश्चिम घाटातले देखणे मासे तर शास्त्राच्याही वहीत उशिरा चढले. गोव्याच्या ओहळांतला सेटनाई बार्ब छापगर आणि साने यांनी १९९२ साली नोंदवला. केरळातली ‘मिस केरळा’ शास्त्राला १८६५ पासून ठाऊक होती, पण छांदिष्टांच्या नजरेत भरली आणि नद्यांतून इतकी उपसली गेली की आज ती संकटग्रस्त आहे. तिला चार फुटांहून मोठी टाकी लागते, तेव्हा छोट्या टाकीवाल्याने तिचा मोह धरू नये.

पाण्याच्या बाबतीत कर्जत-खालापूर या दोन तालुक्यांचं नशीब चांगलं. खोपोलीचं टाटांचं वीजकेंद्र १९१५ साली सुरू झालं, भिवपुरीचं १९२२ साली. घाटमाथ्यावरच्या तलावांत अडवलेला पाऊस मोठ्या नळांतून खाली उतरतो, वीज करतो आणि एकीकडे पाताळगंगेला, दुसरीकडे पेज नदीतून उल्हासला मिळतो. म्हणून या नद्या भर मे महिन्यातही वाहत्या दिसतात. काळ्या पाषाणावर साठलेलं हे पावसाचं पाणी हलकं, आग्नेय आशियातल्या बहुतेक माशांना मानवेल असं. बोअरवेलचं पाणी मात्र बऱ्याचदा जड निघतं. साबणाला फेस येत नसेल तर रासबोरा आणायची घाई करू नका, एक तर ते पाणी पावसाच्या पाण्यात मिसळून वापरा किंवा झेब्रा डॅनिओ, रोझी बार्ब असे काटक मासे निवडा. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन पसरट टबात दिवसभर ठेवल्यावर बरंचसं उडून जातं. घाई असेल तर दुकानात ‘अँटिक्लोर’ मिळतं.

टाकी दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच घ्यावी. त्यात साधारण ५५ लिटर पाणी बसतं आणि वाळू-दगडांसकट वजन ७५ किलोंच्या पुढे जातं, तेव्हा टीव्हीचं डुगडुगतं टेबल नको. त्याहून लहान बाउल दिसायला गोंडस असतो, पण माशाला ती शिक्षाच. खाली बारीक, गोल कडांची वाळू पसरावी. लोच मासे त्यात मिशा खुपसून खातात, धारदार खडीने त्या झिजतात. दगड आपल्याकडचा काळाच चालतो, पाण्यात काही सोडत नाही. संगमरवराचे तुकडे आणि शंखशिंपले पाणी जड करतात, ते शोकेसमध्ये शोभतात. आणि बदाम! सोसायटीच्या आवारात, शाळेच्या मैदानात, एसटी स्टँडच्या कडेला जो आडव्या फांद्यांचा बदाम असतो, त्याची लाल होऊन गळलेली पानं थायलंडमध्ये फायटर माशांच्या भांड्यांत हटकून टाकतात. आपल्याकडे ती झाडून जाळतात. फवारणी न झालेल्या झाडाचं वाळलेलं एखाद-दुसरं पान धुऊन टाकीत सोडलं की पाणी चहाच्या रंगाकडे झुकतं आणि गोरामी मासे मोकळेपणी फिरू लागतात. काहींना तो रंग गढूळ वाटतो. मला वाटतं, लखलखीत पांढऱ्या दिव्याखालच्या निळ्या खड्यांपेक्षा तो शंभर पटींनी बरा.

वनस्पतींत जावा फर्न आणि जावा मॉस लाकडाला दोऱ्याने बांधले की काम झालं. फर्नचं खोड वाळूत पुरलं तर कुजतं. क्रिप्टोकोरीन वाळूत लावावी. ती जागा बदलली की रुसते, सगळी पानं गाळते आणि महिन्याभराने पुन्हा फुटते, तेव्हा उपटून फेकू नका. याच वंशातल्या काही जाती पश्चिम घाटाच्या ओढ्यांतही उगवतात. त्या तिथेच राहू द्याव्यात, दुकानात रोपवाटिकेची श्रीलंकन जात सहज मिळते.

एवढं झालं की लगेच मासे आणायचे नाहीत, आणि पुष्कळ टाक्या इथेच मरतात. माशांच्या मलमूत्रातून अमोनिया तयार होतो. एक प्रकारचे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, दुसरे त्याचं तुलनेने निरुपद्रवी नायट्रेट. हे जिवाणू फिल्टरच्या स्पंजात वस्तीला यायला तीन ते सहा आठवडे लागतात. कोणाच्या जुन्या टाकीतला मळका स्पंज मिळाला तर ते दिवस निम्म्यावर येतात. तो नळाखाली धुऊन ‘स्वच्छ’ केला तर मिळालेलं सगळं गेलं. ऑक्टोबर हीटमध्ये टाकी लावली तर जिवाणूंना ऊबही मिळते.

आता मासे. दोन फुटांच्या टाकीत आठ हार्लेक्विन रासबोरा, एक जोडी हनी गोरामी आणि पाच कुली लोच एवढी वस्ती पुरे. हार्लेक्विन मलाया-सुमात्राकडची, अंगावर काळा त्रिकोण, थव्याने मधल्या थरात फिरणारी. दोनच आणल्या तर कोपऱ्यात दबून राहतात. हनी गोरामी गंगा-ब्रह्मपुत्रेच्या मैदानातली. विणीच्या काळात नर मधासारखा पिवळा होतो, घसा काळानिळा होतो आणि पाण्यावर बुडबुड्यांचं घरटं बांधतो. कुली लोच इंडोनेशियातली, पट्ट्यांची, दिवसा लपणारी. एका ओढ्यात हे तिघे कधी भेटणार नाहीत, पण स्वभाव जुळतात. टायगर बार्ब दिसायला रुबाबदार, पण गोरामीच्या मिशीसारख्या पंखांचे लचके तोडतो. रेडटेल शार्क तर एकट्याच्या टाकीतलाच. रानात तो जवळपास संपला आहे, दुकानातले सगळे थायलंडच्या शेततळ्यांतले. गोल्डफिशही आशियाईच, चीनचा, पण त्याची भूक आणि घाण या टाकीला पेलणारी नाही. वास्तूसाठी अरोवाना ठेवणाऱ्या हॉटेलवाल्यांविषयी न बोललेलं बरं.

गोरामी निवडण्यामागे आणखी एक व्यावहारिक कारण आहे. पावसाळ्यात इथे वीज गेली की कधी येईल याचा भरवसा नसतो. पंप बंद पडला की इतर माशांची दमछाक सुरू होते, गोरामी आणि फायटर मात्र पृष्ठभागावर येऊन थेट हवा घेतात. खाचरातल्या कोमट, प्राणवायू कमी असलेल्या पाण्यात जगायची ही त्यांची पिढीजात सोय. बाकीच्यांसाठी बॅटरीवर चालणारा एअर पंप घरात असावा. उन्हाळ्यात पाणी ३२ अंशांच्या वर गेलं तर झाकण उघडून वर जाळी टाकावी आणि छोटा पंखा लावावा. थंडीत कर्जतची पहाट मुंबईपेक्षा बरीच गार असते, त्या दोन महिन्यांसाठी ५० वॅटचा हीटर पुरतो. नेरळ-कर्जतच्या सेकंड होममध्ये शनिवार-रविवारपुरतं येणाऱ्यांनी मात्र टाकी लावूच नये. मासा चार दिवस उपाशी राहू शकतो, बंद पडलेल्या फिल्टरवर राहू शकत नाही.

ओढ्यातले मासे घरी आणावेत का, हा प्रश्न इथे हमखास निघतो. नदीत जाळं घालून नकोच. पण दिवाळीच्या सुमारास खाचरं आटतात, उरलेल्या डबक्यांतले मळे आणि डॅनिओ बगळ्यांच्या पोटी जाणारच असतात. शेतमालकाला विचारून त्यातले सात-आठ उचलले तर कोणाचं बिघडत नाही. त्यांना तीन आठवडे वेगळ्या टबात ठेवावं, अंगावर जंत आणि बुरशी घेऊनच ते येतात. घट्ट झाकण हवं, उडी मारण्यात हे पटाईत. काठाशी उभ्या पट्ट्यांचा पिकू मिळाला तर तो डासांच्या अळ्या चोख खातो, पण चार इंचांपर्यंत वाढतो आणि लहान सोबत्यांनाही खातो.

एकदा टाकीत आलेला मासा पुन्हा उल्हासमध्ये सोडायचा नाही, मूळचा तिथलाच असला तरी. दुकानातल्या माशांबरोबर राहून तो त्यांचे रोग घेऊन जातो. बाहेरून आलेल्यांनी काय होतं ते याच नदीवर खाली, कल्याणच्या अलीकडे मोहन्याला दिसतं. दक्षिण अमेरिकेची जलपर्णी तिथे पाणी झाकून टाकते, यंत्रं लावून उपसावी लागते. दुकानात दोन इंचांचा मिळणारा सकर मासा फूटभर वाढला की लोक तो तलावात सोडतात, आणि महाराष्ट्रातले मच्छीमार आज त्याच्या काट्यांनी फाटलेली जाळी शिवत बसतात. मासे जास्त झाले तर दुकानदार परत घेतो, शेजारचा छांदिष्ट घेतो. छाटलेली फर्न आणि मॉस कडक उन्हात पूर्ण वाळवून कुंडीच्या मातीत टाकावी. टाकीतलं बदललेलं पाणीही ओहळात न ओतता झाडांना घालावं, त्यातलं नायट्रेट तुळशीला आणि मिरचीला उत्तम मानवतं.