रात्रभर ढोल, सकाळी खांदा: कॉम्प्युटरला दुखणं कसं दिसतं?

ज्यांना एपिसोड ऐकायला जमला नाही, किंवा रेंज नव्हती म्हणून अर्धाच ऐकला, त्यांच्यासाठी हा लेखी मजकूर.

सुरुवात एका व्हॉइस मेसेजपासून. भामरागडकडच्या एका मित्राने विचारलं, "दादा, लग्नात रात्रभर रेला चालतो. मी ढोल वाजवतो. दुसऱ्या दिवशी उजवा हात डोक्याच्या वर जात नाही. घरचे म्हणतात, सवय होईल. खरंच होते का?"

प्रश्न साधा आहे, पण महत्त्वाचा आहे. कारण त्याचा हाच हात पुढे धानाच्या रोवणीलाही लागतो आणि तेंदूपत्ता तोडायलाही. खांदा गेला तर फक्त ढोल थांबत नाही, हंगाम थांबतो.

तीन किलोचे तीस किलो कसे होतात?

आधी एक प्रयोग करा. दार बिजागरीच्या अगदी जवळ बोट ठेवून ढकलून बघा. जड जातं ना? आता कडीजवळ ढकला. लगेच उघडतं. खांद्याचे स्नायू आयुष्यभर बिजागरीजवळूनच दार ढकलत असतात.

समजा, वाजवणाऱ्याचं वजन ६० किलो आहे. माणसाचा एक हात साधारण शरीराच्या वजनाच्या ५ टक्के असतो, म्हणजे ३ किलो. हात सरळ आडवा धरला, की त्या वजनाचा मध्य खांद्यापासून सुमारे ३० सेंटीमीटर दूर जातो. पण हात उचलणारा डेल्टॉइड स्नायू सांध्यापासून जेमतेम ३ सेंटीमीटरवरून ओढतो. अंतर दहापट कमी, म्हणून जोर दहापट जास्त. ३ किलोच्या हातासाठी स्नायूला ३० किलोइतकं ओढावं लागतं! त्यात २०० ग्रॅमची काठी हातात घेतली, की आणखी ४ किलोची भर.

आता ठेका मोजू. मिनिटाला १०० ठोके धरले तर तीन तासांत १८,००० ठोके होतात. प्रत्येक ठोक्याला हात वर जातो, खाली येतो आणि थांबवलाही जातो. शिवाय ढोलाचा पट्टा खांद्यावर असतोच. तिथले स्नायू हलत नाहीत, पण सैलही पडत नाहीत. सतत आवळलेल्या स्नायूत रक्त नीट खेळत नाही, म्हणून तो लवकर थकतो.

मग सिम्युलेशन काय करतं?

खांद्याच्या आत कुठल्या स्नायूवर किती ताण आला, हे बाहेरून दिसत नाही. सुई घालून प्रत्येक स्नायू तपासणं तर वाजवताना शक्यच नाही. म्हणून कॉम्प्युटरमध्ये एक सांगाडा उभा करतात. त्याला खरी हाडं, खरे सांधे आणि दोरीसारखे स्नायू जोडलेले असतात. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाचं ओपनसिम हे असंच एक सॉफ्टवेअर. त्यावरचा मुख्य शोधनिबंध २००७ साली आला आणि ते फुकट मिळतं. डेन्मार्कमधून आलेलं एनीबॉडी नावाचंही एक आहे.

काम तीन टप्प्यांत होतं.

पहिला टप्पा: वाजवणाऱ्याचा व्हिडिओ घेऊन प्रत्येक क्षणी कोपर, खांदा, मनगट किती अंशात आहे ते काढायचं. पूर्वी यासाठी लाखो रुपयांचे कॅमेरे लागायचे. आता स्टॅनफर्डच्याच ओपनकॅपमध्ये दोन आयफोनच्या व्हिडिओवरून हालचाल काढता येते.

दुसरा टप्पा: उलटं गणित. हात असा हलला, म्हणजे सांध्यावर किती जोर लागला असेल?

तिसरा टप्पा सगळ्यात गमतीचा. तो जोर एकट्या डेल्टॉइडने लावलेला नसतो. खाली रोटेटर कफचे चार छोटे स्नायू असतात, ते हाडाचा गोळा खोबणीत धरून ठेवतात. मग कोणी किती काम केलं? सॉफ्टवेअर असं धरतं, की शरीर एकूण श्रम कमीत कमी पडतील अशीच वाटणी करतं. दहा जणांनी ओंडका उचलावा आणि कोणा एकाच्या अंगावर सगळा भार येऊ नये, तसंच.

हे नुसतं कागदावरचं गणित नाही. जर्मनीतल्या संशोधकांनी खांद्याच्या कृत्रिम सांध्यातच सेन्सर बसवून आतला दाब मोजला आहे. त्याचे पहिले निकाल २००७ मध्येच छापून आले. असे खरे आकडे हाताशी असले, की मॉडेल बरोबर सांगतंय का ते ताडून बघता येतं.

खरा फायदा: "असं केलं तर?"

सिम्युलेशनमध्ये कुणालाही न दुखवता बदल करून बघता येतो. ढोल चार बोटं खाली बांधला तर? पट्टा दोन्ही खांद्यांवर घेतला तर? हात आडवा, म्हणजे ९० अंशांत नेण्याऐवजी शरीरापासून ३० अंशांतच ठेवला, तर हाताच्या वजनाचा सांध्यावरचा ओढा निम्मा होतो. कोपर वाकवलं तर आणखी कमी. ठेका तोच राहतो, भार मात्र कमी होतो.

ताण वारंवार आला की काय होतं? तार एकदा वाकवली तर तुटत नाही, शंभरदा वाकवली की तुटते. कंडराचंही, म्हणजे स्नायू हाडाला बांधणाऱ्या दोरीचंही, थोडंफार तसंच. पण एक मोठा फरक आहे. तार स्वतःला दुरुस्त करत नाही, कंडरा करते. फक्त तिला वेळ मिळायला हवा. म्हणून "सवय होईल" हे अर्धंच खरं. हळूहळू वाढवलेल्या सरावाने सवय होते. वर्षभर काही नाही आणि मग लागोपाठ चार लग्नांत रात्रभर वाजवून होत नाही. पुण्यातल्या ढोल-ताशा पथकांनाही हेच लागू.

कॉम्प्युटर कुठे चुकतो?

खांद्याचं पातं कातडीखाली सरकतं, कॅमेऱ्याला ते दिसत नाही. शिवाय मॉडेलमधली मापं थोड्याच शरीरांवरून घेतलेली असतात, तीही बहुतेक परदेशातली. भामरागडच्या जंगलात वाढलेल्या माडिया तरुणाचा खांदा तसाच असेल असं धरून चालणार नाही. त्यामुळे "हा प्रकार त्या प्रकारापेक्षा बरा" हे मॉडेल चांगलं सांगतं, "तुझी कंडरा अमुक दिवशी फाटेल" हे नाही.

तर मित्रा, तुझ्यासाठी

ढोल खाली बांध. पट्ट्याखाली जाड कापडाची घडी ठेव. अर्ध्या-पाऊण तासाने ढोल दुसऱ्याकडे दे, तेवढा वेळ रांगेत नाच. लग्नसराईच्या आधी दोन-तीन आठवडे थोडं थोडं वाजवायला लाग.

आणि रात्री त्या कुशीवर झोपता येत नसेल, बोटांना मुंग्या येत असतील किंवा हात वर उचलताच येत नसेल, तर थांबू नकोस. भामरागडचं ग्रामीण रुग्णालय आहे, हेमलकशाला लोकबिरादरीचा दवाखाना आहे. पर्लकोटेला पूर येऊन वाट अडायच्या आधी दाखवून घे.

रेला चालू राहायला हवा, आणि वाजवणारा हातही. तुमच्याकडे कुठलं वाद्य वाजवताना काय दुखतं? व्हॉइस मेसेज पाठवा. भेटू पुढच्या भागात!