फाळक्याला ग्राइंडर, हुकाला नजर

दसरा जवळ आला की कोल्हापूरच्या फॅब्रिकेशन शेडमध्ये उसाच्या ट्रॉल्यांची घाई सुरू होते. कारखान्यांचं गाळप सुरू होण्याआधी मालकाला ट्रॉली दारात हवी असते. या घाईत वेळ वेल्डिंगपेक्षा ग्राइंडरवर जास्त जातो. म्हणून पहिला रॉड पेटवण्याआधी खडू घ्यावा आणि ठरवावं: कुठला जोड दिसणार आहे, कुठला ओढ सोसणार आहे.

दिसतो तो फाळका. त्यावर गावाचं, देवाचं, पोरांचं नाव रंगवायचं असतं. मालकाची ही हौस मला रास्त वाटते, तिथे हात राखू नये. पण फाळक्याचा पत्रा पातळ. सलग वेल्डिंग मारलं की तापून ओढला जातो आणि तो सरळ करण्यात दुपार जाते. त्यापेक्षा आतून तुटक टाके घ्यावेत: ५० मिमी वेल्डिंग, १०० मिमी मोकळं, तेही एकदा या टोकाला, एकदा त्या टोकाला. मधल्या फटीत पाणी मुरून गंज धरतो, म्हणून रंगाआधी ती सीलंटने बुजवावी. बाहेरून ग्राइंडर लावायला मग फारसं काही उरत नाही.

चासीचा हिशेब वेगळा. काटकोनातल्या जोडाची ताकद त्याच्या घशावर, म्हणजे कोपऱ्यापासून वेल्डच्या तोंडापर्यंतच्या जाडीवर ठरते. ती बाजूच्या साधारण ०.७ पट असते. ६ मिमीच्या जागी ८ मिमी भरलं तर ताकद तिसऱ्या हिश्शाने वाढते, पण धातू लागतो जवळजवळ पावणेदोन पट. रॉड, वीज, वेळ सगळं त्याच मापाने. आणि एवढं भरून वर दिसायला छान म्हणून ते घासून सपाट केलं, तर घसाच कापला जातो. चासीखाली स्लॅग झाडावा, ब्रश मारावा, पुढे जावं.

ठिणग्यांचे मणी पत्र्यावर चिकटतात ते बहुधा आर्क लांब धरल्याने, करंट जास्त ठेवल्याने किंवा रॉड ओला असल्याने. इथल्या पावसाळ्यात उघडं पाकीट पटकन दमट होतं. आर्क रॉडच्या जाडीइतकाच ठेवला की छिन्नीचं निम्मं काम वाचतं.

सगळ्यात जास्त वेळ द्यायचा तो ट्रॅक्टरला जोडणाऱ्या हुकाला. तिथे भरल्या ट्रॉलीचे हिसके हजारो वेळा बसतात, आणि भेग सुरू होते ती वेल्डच्या कडेला खाल्ल्या गेलेल्या बारीक खाचेतून किंवा टोकाला राहिलेल्या खड्ड्यातून. इथे देखणेपणा आणि मजबुती एकच. कड पत्र्यात अलगद उतरली पाहिजे, रॉड उचलण्याआधी खड्डा भरला पाहिजे. ग्राइंडर लावायचाच तर फक्त कडेला, हलक्या हाताने, ओढीच्या दिशेने. आडवी रेघ पडली तर तीच पुढे भेग होते.

रंगारी आला की त्याला एवढंच सांगावं: फाळक्यावर लांबी भर, हुकाच्या जोडावर नको. हंगामात तिथे भेग पडलीच तर रंगावर आधी गंजाची बारीक रेघ उमटते. लांबीखाली ती ड्रायव्हरला दिसणार नाही.