'गोफ' : भूमिगत कोळसा खाणकामातील एक पारिभाषिक संज्ञा

मराठीत 'गोफ' म्हणजे विणलेली दोरी किंवा गळ्यातील अलंकार. भूमिगत कोळसा खाणकामातील 'गोफ' या संज्ञेशी त्याचा संबंध नाही. ही संज्ञा इंग्रजीतून आलेली असून अमेरिकेत तिच्यासाठी 'गॉब' हा शब्द रूढ आहे.

भारतीय कोळसा खाण विनियमांनुसार, ज्या भागातून स्तंभ वा त्याचा अंश, अथवा लाँगवॉल पद्धतीत कोळसा, काढून घेतला आहे आणि जो कामाची जागा उरलेला नाही, तो भाग म्हणजे गोफ होय. म्हणून स्तंभ शाबूत असलेल्या जुन्या गल्ल्यांना गोफ म्हणता येत नाही.

गोफाचा अनुवाद अनेकदा 'पोकळी' असा केला जातो. तो अपुरा आहे. आधार काढल्यावर छत कोसळते व ती जागा दगडांनी अंशतः भरते. तेथे मिथेन वायू व पाणी साचू शकते, उरलेला कोळसा आपोआप तापून पेटू शकतो. मोठे छत एकदम कोसळल्यास हवेचा जोरदार झोत कामाच्या जागेपर्यंत पोहोचतो. म्हणूनच गोफाच्या कडेला आधार उभारणे, वाळूने भरणी करणे वा भिंत बांधून तो भाग बंदिस्त करणे हे उपाय योजले जातात.

विदर्भातील भूमिगत खाणींत मराठी भाषक कामगार काम करतात. त्यांच्या प्रशिक्षणात 'पोकळी' हा शब्द केवळ रिकामी जागा सुचवितो, तर 'गोफ' ही संज्ञा धोक्याची सीमा दर्शविते. सारांश, मूळ संज्ञा कायम ठेवून तिचा अर्थ मराठीत स्पष्ट करणे अधिक सुरक्षित ठरते.