रक्त थांबविणारे औषध आणि न दाखविलेला अहवाल

हृदयाच्या बायपास शस्त्रक्रियेत रुग्णाचे रक्त बहुधा काही काळ यंत्रातून फिरविले जाते. त्यामुळे रक्त गोठण्याची क्रिया बिघडते आणि पुढे रक्तस्राव लांबतो. अशा वेळी दिले जाणारे अप्रोटिनिन नवी गुठळी तयार करीत नाही, तर झालेली गुठळी विरघळू देत नाही. बायर कंपनी हे औषध ‘ट्रॅसिलॉल’ या नावाने विकत असे. ते गोवंशाच्या फुप्फुसांपासून काढले जाई, हे आपल्यापैकी फारच थोड्यांना ठाऊक असेल.

रक्तस्राव त्याने कमी होतो, याविषयी वाद नव्हता. परंतु जानेवारी २००६ मध्ये ४,३७४ रुग्णांची पाहणी प्रसिद्ध झाली आणि मूत्रपिंड, हृदय व मेंदूला होणाऱ्या अपायाची शंका उभी राहिली. सप्टेंबरात अमेरिकेच्या औषध प्रशासनाच्या सल्लागार समितीने सुनावणी घेतली. कंपनीने स्वतःच करवून घेतलेल्या एका मोठ्या अभ्यासाचे प्रतिकूल निष्कर्ष तेव्हा तिच्या हाती होते. ते समितीपुढे आलेच नाहीत. ताळेबंद मांडताना देण्यांची बाजू वगळावी, तसाच हा प्रकार. काही दिवसांतच तो उघडकीस आला आणि कंपनीला चूक मान्य करावी लागली.

कॅनडात २,३३१ रुग्णांवर तीन औषधांची तुलना चालू होती. ती ऑक्टोबर २००७ मध्ये मध्येच थांबविण्यात आली आणि पुढच्याच महिन्यात कंपनीने विक्री स्थगित केली. तीस दिवसांतील मृत्यूंचे प्रमाण अप्रोटिनिनच्या गटात ६ टक्के, तर ट्रानेक्झॅमिक अॅसिडच्या गटात ३.९ टक्के होते. या चाचणीतील उणिवांवर बोट ठेवून युरोपीय यंत्रणेने २०१२ मध्ये मर्यादित वापराची शिफारस केली, हेही नमूद केले पाहिजे.

ट्रानेक्झॅमिक अॅसिड कृत्रिमरीत्या बनते आणि स्वस्तही आहे. जपानी संशोधक उताको ओकामोतो यांच्या कार्यातून ते १९६२ मध्ये पुढे आले. आपल्याकडेही ते सर्रास वापरले जाते. मात्र मोठ्या मात्रेत त्याने झटके येऊ शकतात आणि मूत्रपिंड दुबळे असल्यास मात्रा कमी करावी लागते. म्हणून पायात वा फुप्फुसात पूर्वी गुठळी झाली असेल, तर ते शल्यविशारदास आधीच सांगावे. जखमेवर ठेवण्याचे काही स्पंज डुकराच्या जिलेटिनचे असतात, तर काही पट्ट्या वनस्पतिजन्य सेल्युलोजच्या. ही विचारणा शस्त्रक्रियेच्या टेबलावर नव्हे, तर संमतिपत्रावर सही करण्यापूर्वी करावयाची असते.