संकेतस्थळ कोणते निवडावे? : वैद्य व औषधी दुकानदारांसाठी काही विचार

रुग्णाची परीक्षा केल्याविना औषधयोजना करू नये, हे आपण सर्वच जाणतो. परंतु स्वतःच्या चिकित्सालयासाठी संकेतस्थळ करून घेताना हा क्रम आपणांस विसरावयास होतो. बनवून देणारा जो तयार नमुना दाखवील तो आपण घेतो व गरजेचा विचार मागाहून करतो. ही चूक आमच्याही हातून घडली, म्हणून हा लेखनप्रपंच.

तेलगाव हे बीड जिल्ह्याच्या धारूर तालुक्यातील गाव. बीडहून परळीकडे व माजलगावहून धारूरकडे जाणारे रस्ते येथे मिळतात. सहकारी साखर कारखानाही येथेच आहे. आमचा रुग्णवर्ग दुहेरी आहे. एक, आसपासच्या खेड्यांतून कामानिमित्त चौकात येणारा. दुसरा, दिवाळीच्या सुमारास पश्चिम महाराष्ट्रात वा कर्नाटकात ऊसतोडीस जाणारा आणि हंगाम संपल्यावर परतणारा. पहिल्यास एवढेच कळावयास हवे असते की, वैद्य आज भेटतील काय? दुसऱ्यास विचारावयाचे असते की, औषध संपले, आता पुढे काय?

आम्ही प्रथम करून घेतले ते मात्र ऑनलाइन दुकान. औषधांची छायाचित्रे व किमती सर्व होते. मागण्या बोटांवर मोजण्याइतक्या आल्या. पुढे चिकित्सालयाची वेळ बदलली. ती संकेतस्थळावर बदलावयाची राहून गेली. संधिवाताची एक वृद्ध रुग्णा, नातवाने मोबाईलवर पाहिलेल्या जुन्या वेळेवर विसंबून, दोन गाड्या बदलून आली आणि बंद दारावरून परत गेली. चुकीची माहिती देणारे संकेतस्थळ नसलेले बरे, हे आम्हांस त्या दिवशी उमगले.

स्थूलमानाने संकेतस्थळांचे तीन प्रकार आपल्या उपयोगाचे आहेत.

१) परिचयपर संकेतस्थळ : एक-दोन पानांचे. त्यात वैद्याचे नाव, शिक्षण, नोंदणी क्रमांक, पत्ता, वेळ, सुटीचे दिवस व दूरध्वनी असावा. खर्च अल्प, देखभालही अल्प. बहुतेक चिकित्सालयांस एवढे पुरेसे आहे.

२) लेखयुक्त संकेतस्थळ : ऋतुचर्या, पथ्यापथ्य, पंचकर्मपूर्व सूचना असे लेखन ज्यांस नियमाने करता येते त्यांनीच हे घ्यावे. एरवी दोन लेखांनंतर ते ओस पडते. लिहितानाही भान हवे. १९५४ च्या औषधे व जादूटोणा उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायद्यान्वये मधुमेह, कर्करोग, हृद्रोग, अपस्मार, पक्षाघात आदी व्याधी बऱ्या करण्याच्या औषधांची जाहिरात निषिद्ध आहे. दुकानाच्या पाटीवर जे लिहिता येत नाही, ते संकेतस्थळावरही लिहू नये.

३) ऑनलाइन दुकान : औषधी दुकानदारांस याचा मोह अधिक. पण येथे जबाबदारीही सर्वांत मोठी. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार विक्रेत्याचे नाव-पत्ता व तक्रार निवारणाची सोय द्यावी लागते. परराज्यात, म्हणजे कर्नाटकातील फडावरही, माल विकावयाचा तर वस्तू व सेवा कराची नोंदणी लागते. शिवाय वत्सनाभ, भल्लातक, पारद, हिंगुळ इत्यादी द्रव्ये अनुसूची ई(१) मध्ये आहेत. अशी द्रव्ये असलेली औषधे वैद्याची चिठ्ठी पाहिल्याखेरीज विकू नयेत, अशी सूचना केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्ये ई-कॉमर्स मंचांना दिली. त्रिभुवनकीर्ती व संजीवनी वटी यांसारखे नित्याचे कल्पही यात येतात. चिठ्ठ्या तपासणारा जाणकार मनुष्य नसेल, तर च्यवनप्राश, अभ्यंगतैले अशा मोजक्या वस्तूंपुरतेच दुकान ठेवावे, अथवा ठेवूच नये.

गूगलच्या नकाशावरील विनामूल्य नोंद अवश्य करावी. रस्ता विचारणाऱ्यास ती फार उपयोगी पडते. परंतु तेवढ्यावर विसंबू नये. या नोंदीबरोबर गूगल फुकट संकेतस्थळेही देत असे. ती मार्च २०२४ मध्ये बंद करण्यात आली. परक्याच्या जागेवर बांधलेले घर आपले नव्हे. म्हणून संकेतस्थळाचे नाव, म्हणजे डोमेन, स्वतःच्याच नावे नोंदवावे. बनवून देणाऱ्याच्या नावे नव्हे. नूतनीकरणाची तारीख परवान्याच्या तारखेप्रमाणे वहीत टिपून ठेवावी. २०१४ पासून ‘.भारत’ असा शेवट असलेले देवनागरी नावही मिळू शकते.

तेव्हा करून देणाऱ्याकडे जाण्यापूर्वी तीन प्रश्न स्वतःस विचारावेत. संकेतस्थळ कोण पाहणार? त्यास नेमके काय हवे? आणि दर महिन्यास माहिती तपासणार कोण? तिसऱ्या प्रश्नास उत्तर नसेल, तर त्याहून लहान प्रकार निवडावा.

आम्ही दुकान बंद करून एकच पान ठेवले आहे. त्यावर ठळक अक्षरांत आठवड्याच्या वेळा आहेत आणि बाहेरगावी असलेल्या जुन्या रुग्णांनी कोणत्या वेळेत दूरध्वनी करावा, हेही आहे. दर अमावास्येस आम्ही ते पान स्वतः उघडून पाहतो. मात्रा अल्प आहे. पण रुग्णास मानवली आहे.