संगणकावर गणिती चिन्हांचे टंकलेखन

गणिती चिन्हांचे टंकलेखन म्हणजे बेरीज, गुणाकार, असमानता, वर्गमूळ इत्यादी चिन्हे कळफलकाच्या साहाय्याने संगणकात भरणे होय. कळफलकाची रचना टंकलेखन यंत्रावरून आली असल्यामुळे +, =, <, > अशी मोजकी चिन्हेच त्यावर थेट मिळतात. ×, ÷, √, ≤, ≠ यांसाठी वेगळ्या पद्धती वापराव्या लागतात.

महत्त्व

चिन्ह गळाले की अर्थ बदलतो. सांगली जिल्ह्यातील तासगाव परिसर द्राक्षे व बेदाण्यासाठी प्रसिद्ध आहे. तेथील एखाद्या बागेत वेलींचे अंतर ९ × ५ फूट असल्यास एका वेलीस ४५ चौरस फूट जागा मिळते. एक एकर म्हणजे ४३,५६० चौरस फूट; म्हणून एकरी ४३,५६० ÷ ४५ = ९६८ वेली बसतात. मजकूर एका संगणकावरून दुसऱ्यावर नेताना × नाहीसे झाले, तर ‘९५ फूट’ एवढेच उरते. घातांक खाली उतरल्यास १०² चे १०२ होते.

मराठी कळफलकावरील अडचण

भारत सरकारने १९८६ मध्ये प्रमाणित केलेल्या इन्स्क्रिप्ट कळफलकात देवनागरी वर्णांना जागा देण्यासाठी अनेक चिन्हे वगळलेली आहेत. ‘=’ च्या कळीवर ‘ृ’ आणि शिफ्टसह ‘ऋ’ येतो. शिफ्टसह ५ दाबल्यास टक्क्याऐवजी ‘ज्ञ’, ८ दाबल्यास तारांकनाऐवजी ‘श्र’, तर ‘<’ च्या जागी ‘ष’ उमटतो. त्यामुळे साधे समीकरण लिहितानाही इंग्रजी कळफलकाकडे वळावे लागते. विंडोजमध्ये विंडोज कळ व स्पेसबार एकत्र दाबून हा बदल करता येतो. +, −, गुणाकाराचे तारांकन व भागाकाराची तिरकी रेघ उजवीकडील अंकफलकावरूनही मिळतात.

प्रचलित पद्धती

* *ऑल्ट संकेतांक:* विंडोजमध्ये ऑल्ट कळ दाबून ठेवून अंकफलकावर संकेतांक भरतात. ०२१५ ने ×, ०२४७ ने ÷, ०१७७ ने ± आणि ०१७८ ने ² मिळते. यासाठी नमलॉक सुरू असावे लागते.
* *युनिकोड संकेतांक:* प्रत्येक चिन्हास जागतिक क्रमांक आहे, उदा. ≠ साठी २२६०, ≤ साठी २२६४, ≥ साठी २२६५. मायक्रोसॉफ्ट वर्डमध्ये हा क्रमांक इंग्रजी अंकांत लिहून लगेच ऑल्ट व एक्स दाबल्यास चिन्ह उमटते.
* *मॅक संगणक:* ऑप्शन व ‘=’ ने ≠, तर ऑप्शन व व्ही ने √ मिळते.
* *समीकरण संपादक:* अपूर्णांक, मूळचिन्ह, संकलन अशा बहुमजली रचनांसाठी वर्डमध्ये ऑल्ट व ‘=’ दाबून समीकरणाची चौकट उघडता येते.
* *लाटेक:* डोनाल्ड नूथ यांच्या टेक प्रणालीवर लेस्ली लॅम्पोर्ट यांनी १९८० च्या दशकात लाटेक उभारली. तीत चिन्हांऐवजी आज्ञा लिहितात. विकिपीडियावरील सूत्रेही याच आज्ञांनी लिहिली जातात.

जुने टंक आणि युनिकोड

युनिकोड रूढ होण्यापूर्वीच्या मराठी टंकांत रोमन अक्षरांच्या जागांवर देवनागरी आकार बसवलेले असत. असा मजकूर दुसऱ्या टंकात उघडल्यास अक्षरांबरोबर चिन्हेही बदलतात. युनिकोडमध्ये संकेतांक टंकावर अवलंबून नसतो. मात्र निवडलेल्या किंवा पर्यायी टंकात ते चिन्ह नसल्यास त्याऐवजी रिकामी चौकट दिसते.

घ्यावयाची काळजी

गुणाकारासाठी रोमन एक्स न वापरता × वापरणे इष्ट, कारण बीजगणितात एक्स हे चल असते. छापील मजकुरात वजाबाकीचे − (संकेतांक २२१२) हे संयोगचिन्हापेक्षा वेगळे असते. आज्ञावलीत व स्प्रेडशीटच्या सूत्रांत मात्र कळफलकावरील आखूड रेघच वजाबाकी मानली जाते; तेथे गुणाकारास तारांकन आणि ≤ साठी ‘<=’ लिहितात. छपाईपूर्वी अंतिम प्रत पीडीएफ स्वरूपात उघडून घातांक, ऋण चिन्हे व असमानता मूळ प्रतीशी ताडून पाहाव्यात.