नव्या एक्स्चेंजची निविदा काढण्याआधी

मोठ्या रुग्णालयात, विद्यापीठात किंवा बँकेच्या मुख्य कार्यालयात जुने ईपीएबीएक्स, म्हणजे इमारतीचे स्वतःचे टेलिफोन एक्स्चेंज, बदलून इंटरनेटच्या पद्धतीने चालणारे आयपी फोन घ्यायची वेळ आली, की खरेदी समितीच्या टेबलावर सर्वांत आधी हँडसेटचे नमुने येतात. या खरेदीतले सर्वांत सोपे काम तेवढेच आहे. आपल्या इमारतीत फोन कोण, कधी, कशासाठी उचलतो हे समजून घेणे अवघड, आणि तेच राहून जाते. त्याच्या जागी काही समजुती काम करतात. त्या तपासताना एक मोठे रुग्णालय डोळ्यांसमोर ठेवू, कारण फोन बंद पडला तर तिथे कोणाच्या तरी जिवाशी गाठ असते.

गैरसमज: एक्स्टेन्शन ४००, म्हणजे इंटरनेटचा वेग प्रचंड हवा.

आधी हिशेब करू. गर्दीच्या तासात प्रत्येक एक्स्टेन्शनवर सरासरी ३ मिनिटे बाहेरचे बोलणे होते असे धरा. चारशे एक्स्टेन्शनची मिळून १२०० मिनिटे होतात, म्हणजे एका तासात २० तासांचे बोलणे. कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत काम करणारे गणिती आग्नर क्रारुप एर्लांग यांनी १९१७ साली यासाठीच सूत्र मांडले. त्यानुसार शंभरात फार तर एक कॉल अडावा अशी अपेक्षा असेल, तर एवढ्या बोलण्याला एका वेळी एकेक कॉल नेणाऱ्या ३० वाहिन्या पुरतात. पीआरआय नावाच्या जुन्या एका डिजिटल टेलिफोन लाइनीवर तेवढ्याच असतात. बोलणे दुप्पट झाले तरी ६० लागत नाहीत, ५३ मध्ये भागते. ज्या समितीने हा हिशेब केलेला नसतो, ती विक्रेता सांगेल तेवढ्या वाहिन्या घेते.

आता वेग. 'जी.७११' या नेहमीच्या पद्धतीत आवाजाला सेकंदाला ६४ किलोबिट लागतात आणि डेटाच्या प्रत्येक पाकिटावरचा पत्ता-ठिकाणा धरून सुमारे ८७. तीस कॉलना जाताना आणि येताना प्रत्येकी २.६ मेगाबिट झाले. घरगुती ब्रॉडबँडही याहून वेगवान असते. मग आवाज का तुटतो? बोलणे साधारण २० मिलिसेकंदांच्या तुकड्यांत कापले जाते, सेकंदाला ५० पाकिटे निघतात आणि ती वेळेवर, ओळीने पोहोचावी लागतात. त्याच लाइनवरून रेडिओलॉजी विभागाने एमआरआयच्या फाइली पाठवायला घेतल्या, की आवाजाची पाकिटे रांगेत अडकतात. फाइल दोन सेकंद उशिरा आली तर कोणाच्या लक्षातही येत नाही. बोलण्याचे तसे नसते. एका बाजूचा उशीर १५० मिलिसेकंदांच्या आत असावा, अशी आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाची शिफारस आहे. म्हणून इमारतीच्या नेटवर्कमध्ये आवाजाला वेगळी वाट आणि पहिला मान द्या. करारात नुसते '१०० एमबीपीएस' लिहू नका. उशीर, त्यातला चढउतार आणि हरवणारी पाकिटे यांच्या मर्यादा आकड्यांत लिहून घ्या.

गैरसमज: वीज गेली तरी फोन चालतो.

तांब्याच्या तारेवरचा जुना फोन चालायचा, कारण त्याला एक्स्चेंजकडूनच ४८ व्होल्टचा पुरवठा मिळे. आयपी फोनला वीज मिळते ती मजल्यावरच्या स्विचमधून. सर्व्हर रूमला यूपीएस देऊन समिती निश्चिंत होते आणि तिसऱ्या मजल्यावर भिंतीतल्या कपाटातला स्विच साध्या सॉकेटवर राहतो. जनरेटर सुरू होईपर्यंत त्या मजल्यावरचे सगळे फोन मुके. प्रत्येक मजल्यावरच्या स्विचला यूपीएस हवाच, ही अट निविदेतच घाला.

गैरसमज: क्लाउडवर घेतले की डोकेदुखी संपली.

देखभाल कमी होते, हे खरे. पण सगळी यंत्रणा बाहेरच्या डेटा सेंटरमध्ये असेल, तर वॉर्डमधून शेजारच्या ऑपरेशन थिएटरला लावलेला कॉलसुद्धा आधी तिथे विचारून जोडला जातो. इंटरनेट तुटले की इमारतीतला इंटरकॉमही बंद. रुग्णालयाने तरी आतले कॉल जोडून देणारी यंत्रणा इमारतीतच ठेवावी, असे माझे ठाम मत आहे.

गैरसमज: भारतात इंटरनेटवरच्या फोनला परवानगी नाही.

इंटरनेट टेलिफोनीला मर्यादित परवानगी १ एप्रिल २००२ पासूनच आहे. कॉल सेंटरसारख्या सेवांवरची बंधने २०२० आणि २०२१ मध्ये बरीच सैल झाली. मनाई आहे ती 'टोल बायपास'ला. मुंबईत सार्वजनिक जाळ्यातून घेतलेला कॉल स्वतःच्या खासगी डेटा लाइनवरून नागपूरला नेऊन तिथे पुन्हा सार्वजनिक जाळ्यात सोडता येत नाही. यंत्रणा कायद्यात बसते, हे पुरवठादाराकडून लेखी घ्या.

गैरसमज: बिल निम्मे होईल.

एसटीडीचे दर चढे होते तेव्हा हे खरे होते. आज देशातले कॉल इतके स्वस्त आहेत की त्यात वाचवण्यासारखे फार उरलेले नाही, आणि आतले कॉल पूर्वीही फुकटच होते. खर्च स्विच, केबल, परवाने आणि वार्षिक देखभाल करारात आहे. त्यात चोरीची भर पडू शकते. एखाद्या एक्स्टेन्शनचा मूळ पासवर्ड बदललेला नसेल, तर सुट्टीच्या रात्री तिथून परदेशी महागड्या नंबरांवर कॉल लावले जातात आणि बिल ग्राहकाच्या गळ्यात पडते. परदेशी कॉल मुळातच बंद ठेवा, ज्याला गरज असेल त्यालाच उघडा.

गैरसमज: तातडीचा नंबर कुठूनही लागतो.

डिसेंबर २०१३ मध्ये अमेरिकेत टेक्सासमधल्या मार्शल गावच्या एका मोटेलमध्ये एका स्त्रीवर हल्ला झाला. तिच्या ९ वर्षांच्या मुलीने खोलीतल्या फोनवरून चार वेळा ९११ फिरवला. तो लागला नाही, कारण बाहेरच्या लाइनसाठी आधी ९ दाबावा लागे आणि ते त्या लेकराला ठाऊक नव्हते. आई वाचली नाही. त्यातून तिच्या नावाने 'कॅरीज लॉ' हा कायदा झाला आणि १६ फेब्रुवारी २०२० पासून तिथल्या नव्या यंत्रणांवर थेट ९११ लागणे बंधनकारक झाले. आपल्याकडे कितीतरी कार्यालयांत बाहेरच्या लाइनसाठी आधी शून्य किंवा ९ लागतो. ११२ आणि १०८ प्रत्येक एक्स्टेन्शनवरून थेट लागले पाहिजेत. जिथे जोडाल तिथून आयपी फोन बोलतो, त्यामुळे कोणत्या खोलीत कोणता फोन आहे याची नोंदही ताजी हवी.

निविदा काढण्याआधी दोन कामे करा. जुन्या एक्स्चेंजमधून महिन्याभराच्या कॉलची नोंद काढा. आणि तुमच्या टेलिफोन ऑपरेटरला समितीत घ्या. लिफ्टमधला फोन, रक्तपेढीचा फॅक्स, आगीच्या अलार्मला जोडलेली तार अजून कोणत्या जुन्या लाइनीवर आहे, हे बहुधा त्यांनाच माहीत असते.